राक्षस वर, आई खाली

गुलबर्ग्यातल्या एका कॉलेजात इतिहास विभागाच्या दाराशेजारी एक काचेचं कपाट आहे. त्याच्या मधल्या फळीवर लाल मखमलीचा तुकडा आणि त्यावर एक चांदीचं नाणं, जुन्या चार आण्याएवढं. खाली टाइप केलेली पाटी. रोमच्या एका बादशहाचं नाव, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं म्हणून, मग आमच्या गावाचं नाव, आणि शेवटी देणगीदार म्हणून माझं नाव. कानडीत आणि इंग्रजीत, दोन्हींत.

त्या पाटीवर रोम खरा आहे, बादशहा खरा आहे, गाव खरं आहे. देणगीदार तेवढा खोटा आहे. ते नाणं माझं नव्हतं. माझ्या चुलतीच्या देव्हाऱ्यातून मी ते चोरलं. एवढं साधं वाक्य लिहायला मला पंधरा वर्षं लागली, आणि जिथं द्यायला पाहिजे होतं तिथं ते अजून दिलेलं नाही. लाज वाटते म्हणून दिलं नाही, असंही म्हणायची सोय नाही. खरी लाज असती तर केव्हाच दिलं असतं.

आमचं गाव आळंद तालुक्यात, निंबर्ग्याच्या अलीकडं. आम्ही मूळचे मेंढरंवाले. आजोबांच्या पिढीपर्यंत पावसाळा सरला की कळप घेऊन निघायचं, तूर-ज्वारीच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवत फिरायचं. पुढं थोडी जमीन झाली, मेंढरं कमी झाली, आणि माझे आईबाप पुण्याकडं बांधकामावर गेले. मी तिसरीत होतो. मला चुलतीजवळ ठेवलं. तिला आम्ही दोड्डव्वा म्हणायचो. कानडीत थोरल्या आईला म्हणतात तसं. घरात मराठी, गल्लीत कानडी, बाजारात दखनी. त्यात आईला कुठल्या भाषेत हाक मारायची याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

दोड्डव्वाला एकच मुलगी, माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. ती मला अण्णा म्हणायची. दुधावरची साय कुणाच्या भाकरीवर पडायची तर माझ्या. मुलगी बघायची, काही बोलायची नाही. तेव्हा मला ते दिसायचंसुद्धा नाही. लाडावलेल्या पोराला दुसऱ्याचं ताट कुठं दिसतं.

आमचा देव्हारा म्हणजे भिंतीतला कोनाडा. त्यात नऊ टाक, म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून काढलेले देव. घोड्यावरचा मैलार म्हणजे खंडोबा, बिरोबा, यल्लम्मा, दोन-तीन पूर्वज. आणि दहावी ती. ती टाक नव्हती. जाड होती, गोल होती, आणि दोन्ही बाजूंनी छापलेली होती. आमच्या कुणा खापरपणजोबाला मेंढरं पाण्यावर नेताना ओढ्याच्या दरडीत सापडली म्हणे. आमच्यात जमिनीतनं वर आलेली चांदी विकत नाहीत, देव्हाऱ्यात ठेवतात. म्हणून तिचं नाव ओढ्याची आई.

तिच्या एका अंगाला एक बाई खुर्चीवर बसलेली. अंगभर लुगडं, डोकं ताठ. एका हातात तिच्या उंचीहून लांब काठी, दुसऱ्या हातात डहाळी. आता आमच्या घरात हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज होती का? काठी मेंढरं वळायची, डहाळी लिंबाची. आमच्यातलीच कुणीतरी मोठी बाई देवपणाला गेली, एवढं उघड होतं.

दुसऱ्या अंगाला एका पुरुषाचं तोंड. मान जाड, नाक मोठं, केसांवर पानांची पट्टी. आणि गालावरून आरपार एक खोल घाव.

"ह्यो राक्षस," दोड्डव्वा सांगायची. "आईनं मारलेला. घाव दिसायलाय न्हवं?"

म्हणून कोनाड्यात ते तोंड कायम खाली. आई वर, राक्षस तिच्याखाली दाबलेला. मंगळवारी दोड्डव्वा चिंचेच्या कोळानं देव घासायची. बाकीचे देव दोन्ही बाजूंनी उलटेपालटे करून घासायची. ओढ्याच्या आईची पाळी आली की खालची बाजू चिमटीत धरूनच, न बघता, बोटानं पुसायची आणि लगेच पालथी दाबायची. राक्षसाला उजेड दाखवायचा नाही, हा तिचा नेम. मी एकदा तो वर करून बघत बसलो तर पाठीत धपाटा बसला होता.

कडेनं अक्षरं होती. ती कुणाला लागत नव्हती. मराठी शिकलेल्यांनी सांगितलं, जुनं कानडी असणार. कानडी मास्तर म्हणाले, मोडी दिसतेय. मशिदीजवळच्या मौलवीसाबांनी हातात न घेता, दुरूनच बघून सांगितलं, "अपना नै." मी पाचवीत गेलो आणि इंग्रजी सुरू झालं. एका मंगळवारी मी ओरडलो, "दोड्डव्वा, आईवर एबीसीडी हाय."

"आसंल," ती घासता घासता म्हणाली. "आईला समदं येतंय."

असं ते घर. आता मी तिथं काय केलं ते सांगतो.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी गुलबर्ग्याला एम.ए. करत होतो, इतिहास घेऊन. हॉस्टेलवर राहायचो. तोवर दोड्डप्पानं, म्हणजे चुलत्यानं, राहिलेली मेंढरंही मोडली होती. गावात टीव्हीला केबलच्या तारा आल्या होत्या, चौकात एसटीडीची पेटी आली होती. घराघरातलं एक माणूस पुण्याला नाहीतर हैदराबादला. मी मात्र शिकत होतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं की सगळं गाव आपल्याकडंच बघतंय.

एके दिवशी आमच्या सरांनी वर्गात झेरॉक्स वाटल्या. दक्षिणेत सापडलेली रोमन नाणी. मी पान उलटलं आणि दुसऱ्या ओळीत ओढ्याची आई बसलेली. तीच खुर्ची, तीच काठी, तीच डहाळी. शेजारी तोच राक्षस, घाव नसलेला.

मी वर्गात कधी तोंड उघडत नव्हतो. माझ्या बोलण्याला लोक हसायचे. मराठी बोललो तर कानडी लागते, कानडी बोललो तर मराठी. त्या दिवशी उठून उभा राहिलो. "सर, हे आमच्या घरी आहे."

मागच्या बाकावरनं कुणीतरी "ब्यां" केलं. बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी कुठल्या घरचा आहे हे वर्गाला माहीत होतं. सगळे हसले. मुलीही हसल्या. सर तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "आणून दाखव."

आता वाटतं, त्या एका 'ब्यां'ला उत्तर द्यायला मी माझी आई विकली. विकली असती तर बरं झालं असतं. काहीतरी गरज होती असं तरी म्हणता आलं असतं. मी फुकट दिली, टाळ्यांसाठी.

गावी जाऊन दोड्डव्वाला सरळ विचारलं. दोन दिवसांसाठी दे म्हणालो.

"देव काय कोंबडं हाय का, बगलंत मारून न्यायला?" ती म्हणाली. "कामून पायजे तुला?"

"सरांना दाखवायचीय."

"तुज्या सरला म्हनावं हितं ये. भाकरी खा, पाया पड, जा."

देव उंबऱ्याबाहेर पडतो तो फक्त घरात लग्न असलं की. लग्नाआधी देव उजळायला सोनाराकडं न्यायचे, झिजलेला टाक असला तर नवा पाडून घ्यायचा, आणि उजळलेले देव पाटावर मांडून देवकार्य करायचं, मगच हळद. हा आमच्यातला रिवाज. आणि माझ्या बहिणीचं लग्न त्याच उन्हाळ्यात ठरलं होतं. दोड्डप्पा देव घेऊन आळंदला निघायचा तर मी म्हणालो, "उन्हात कुठं जाताव? मी जाऊन येतो."

दोड्डव्वा इतकी खूश झाली. पोराला देवाधर्माचं काही वाटतं, शिकून बिघडलेलं नाही, असं शेजारणीला सांगून आली. दहाही देव हळदीच्या तांदळात घालून पांढऱ्या फडक्यात बांधले. वाटेत काही खायचं नाही, गाठोडं भुईला टेकवायचं नाही, आणि आईला सोनाराच्या फळीवर ठेवताना राक्षस खाली, हे तीनदा बजावलं. उंबऱ्यावर उभी राहून बस दिसेनाशी होईस्तोवर बघत होती.

सोनाराकडं मी नऊ देव ठेवले, झिजलेला बिरोबा नवा पाडायला सांगितला. दहावी माझ्या शर्टाच्या खिशात होती. राक्षस वर की खाली, याकडं लक्ष नव्हतं.

गुलबर्ग्यात सरांनी भिंग लावून बघितलं आणि खुर्चीतच मागं रेलले. इतकं चांगलं नाणं त्यांनी हातात कधी धरलं नव्हतं. त्यांनी मला एकेक अक्षर वाचून दाखवलं. पानांची पट्टी म्हणजे बादशहाचा मान. डहाळी लिंबाची नाही, ऑलिव्हची, शांतीची खूण. बसलेली बाई शांतीची देवता, पण काही अभ्यासक म्हणतात की ती बादशहाची आईच आहे, देवतेच्या रूपात बसवलेली. आणि घाव? तो आपल्याकडच्या कुणीतरी घातलेला, आत तांबं आहे का ते बघायला. रोमहून आलेल्या चांदीवर इथल्या माणसानं आधी छिन्नी चालवली, मग ती घेतली. मला हे फार आवडलं. दोड्डव्वाच्या राक्षसाची गोष्ट सांगून मी सरांना हसवलंसुद्धा. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

विभागाचं नवीन कपाट त्याच आठवड्यात उघडायचं होतं. पाहुणे येणार होते. सर म्हणाले, हे मध्यभागी ठेवू. मला नुसतं दाखवायचं होतं; ठेवायचं तोवर डोक्यात नव्हतं. पण सरांनी रजिस्टर पुढं केलं तेव्हा मी एकदाही म्हटलं नाही की हे माझं नाही. 'वडिलोपार्जित, स्वखुशीने कायमची भेट' असं लिहून सही केली. कार्यक्रमात माझं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. 'ब्यां' करणारानं येऊन हात मिळवला, आणि मी तो घेतला.

सोनाराकडून नऊ देव घेऊन गावी जाताना बसमध्ये खोटं तयार केलं. दोड्डव्वानं दारातच गाठोडं घेतलं, पाटावर सोडलं, मोजलं. नऊ.

"आई?"

मी म्हणालो, बिरोबाचा टाक झिजला होता, सोनार तो नवा पाडत होता. जुना मुशीत टाकताना चुकून तीपण गेली. वितळली. मला कळेस्तोवर पाणी झालं होतं.

दोड्डप्पा तिथूनच सोनारावर धावायला निघाला. चप्पल घालत होता. तो तिथं गेला असता तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं. त्याला दोड्डव्वानं अडवलं.

"सोनाराला काय बोलू नगा. त्येनं मुद्दाम केलं का? म्याच घराभाईर सोडली. म्याच सोडली." मग माझ्याकडं वळून, "तू जेवलास का न्हाई?"

मी जेवलो. हे पण लिहून ठेवतो. दोन भाकरी खाल्ल्या.

त्या दिवशी तिनं चप्पल काढली. आई वितळून आगीतनं गेली, तर आपण पायात घालायचं नाही. आई परत घराला येईल तेव्हाच. वितळलेली आई परत कशी येईल, हे तिला कुणी विचारलं नाही. कोनाड्यात त्या जागी तिनं एक सुपारी ठेवली. नवा टाक पाडू म्हटलं तर नको म्हणाली.

भावकीला तिनं काय सांगितलं असेल? तिनं सांगितलं, घासताना आपल्याच हातनं मोरीत गेली. माझं नाव नाही, सोनाराचं नाव नाही. लग्नाच्या घरात पोराला कुणी बोल लावू नये म्हणून स्वतःच्या अंगावर घेतलं. भावकीनं मग काय सोडायचं होतं? देवकार्याला पाटावर मुलीची आई पहिली बसते. एक म्हातारी सगळ्यांसमोर म्हणाली, "जिला देव सांबाळता येईना, ती पाटावर बसून काय करनार?" कळस भावकीतल्या एका धाकट्या जावेच्या हातात दिला. दोड्डव्वा मोकळ्या पडलेल्या मेंढवाड्याच्या दाराशी उभी राहिली, पदर डोक्यावर घेऊन. पोटच्या एकुलत्या एक पोरीची हळद तिनं तिथून बघितली. मी मांडवात पाणी वाढत होतो. दोन-तीनदा तिची-माझी नजर झाली. तिनं खुणेनं मला सांगितलं, पंगतीत त्या टोकाला पाणी गेलं नाही.

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मेलो नाही, बोललोही नाही. लग्न मोडेल, असं स्वतःला सांगितलं. लग्न झाल्यावर म्हणालो, आता बोलून काय उपयोग. पुढं नोकरी लागली, गुलबर्ग्यातच सरकारी हायस्कुलात, तेव्हा म्हणालो, आता तर बोलताच येत नाही. चोराला कारणं कमी पडत नाहीत.

ती मात्र अनवाणीच. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते ज्यानं फरशीवर पाय ठेवलाय त्यालाच ठाऊक. बाभळीचे काटे, तुरीची धसकटं, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. मी सणाला जाताना मलमाच्या ट्यूब न्यायचो. एकदा चांगल्या मऊ चपला नेल्या. तिनं त्या दोन्ही हातांत घेऊन बघितल्या, "लई ग्वाड हायेत" म्हणाली आणि खुंटीला अडकवल्या. पुढच्या वेळी गेलो तर त्यांच्यावर कोळ्यानं जाळं केलं होतं. परत कधी नेल्या नाहीत. ते कपाट माझ्या शाळेपासून चालत वीस मिनिटांवर होतं. मी त्या रस्त्यानं जात नव्हतो.

चोरी उघडी पाडली ती माझ्याच पाटीनं. बहीण लग्न होऊन हुमनाबादकडं गेली होती. तिची मुलगी सातवी-आठवीत असताना शाळेच्या सहलीबरोबर त्या कॉलेजात आली. कपाटातली पाटी तिनं वाचली, मामाचं नाव आणि आज्जीचं गाव, आणि घरी जाऊन मोठ्या अभिमानानं सांगितलं. बहिणीचा मोबाइलवर फोन आला. आवाज शांत होता.

"अण्णा, ती वितळली न्हवती व्हय?"

"म्या आईला सांगितलंय," ती म्हणाली. "ती उद्या पयल्या बसनं येयलीय. येशीवर थांब." आणि फोन ठेवला. तिनं मला त्यानंतर अण्णा म्हटलेलं आठवत नाही.

दोड्डव्वा शहराच्या वेशीवरच्या थांब्यावर बसमधून उतरली. दोड्डप्पा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ती एकटीच आली होती. हातात कापडी पिशवी, पाय तसेच. मी पाया पडायला वाकलो तर त्या भेगा अगदी डोळ्यांसमोर आल्या. ती रागावली नाही. वाटेत कडगंचीजवळ केवढ्या भिंती बांधायलेत, मोठी शाळा होणार म्हणे, असं काहीबाही बोलली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "हाय न्हवं ती? खरंच हाय?"

"हाय."

"बास मग." आणि पदरानं डोळे पुसले.

कपाटासमोर ती पाच मिनिटं नुसती उभी राहिली. मग काचेला नाक लावून बघितलं. मग माझ्याकडं वळली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या आवाजात धार आली.

"आरं, ह्यो राक्षस वर हाय."

मी बघितलं. खरंच होतं. बादशहाचं तोंड वर, घावासकट, आणि बसलेली बाई खाली, मखमलीत तोंड खुपसून. नाणं बादशहाचं म्हणून बादशहा वर ठेवतात. जगातल्या सगळ्या कपाटांत असंच ठेवत असतील. ते मला कधी खटकलं नव्हतं, कारण मी कधी बघितलंच नव्हतं.

"पंदरा वर्सं," ती म्हणाली. "पंदरा वर्सं ह्यो तिच्या उरावर बसलाय. आन् तू हितंच ऱ्हायलास की रं, गावात. यिऊन उलटी बी केला न्हाईस?"

शिपाई भला माणूस होता, वयानं तिच्याएवढाच. "अक्का, फक्त दोन मिनिटं" म्हणून त्यानं कुलूप काढलं. तिनं नाणं चिमटीत धरलं आणि न बघता, अंगठ्यानं, मंगळवारी करायची तसं पालटलं. पिशवीतनं लिंबाची डहाळी काढून शेजारी ठेवली. कुंकवाला शिपाई नको म्हणाला, तर तिनं ते काचेला बाहेरून लावलं.

मी ऑफिसात गेलो. परत मिळेल का विचारलं. क्लार्कनं रजिस्टर काढलं, माझी सही दाखवली. 'कायमची भेट.' मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "तुमची नव्हतीच, घरच्यांना न सांगता चोरून आणली, असं सहीनिशी लिहून दिलंत तर कमिटीपुढं ठेवू. नाहीतर दिलं ते दिलं. पण तुम्ही सरकारी नोकरीत आहात मास्तर. विचार करून लिहा."

बाहेरच्या बाकावर बसून मी लिहिलं. खरंच लिहिलं. 'सदर नाणे माझ्या चुलतीचे असून मी ते तिच्याशी खोटे बोलून चोरले.' दोड्डव्वा शेजारी बसली होती.

"काय लिवलास?"

वाचून दाखवलं.

"आन् हे दिलास तर तुज्या नोकरीचं?"

"बघू."

"तुज्या सरनं काय सांगितलं हुतं रं तवा?" ती एकदम म्हणाली. "ती कोन हाय? ह्यो कोन हाय?"

मी सगळं सांगितलं. लांबचा देश, समुद्रावरून आलेली चांदी, बादशहा. राक्षस नव्हे तो, म्हणालो. घाव आपल्याच लोकांनी घातला, चांदी खरी का बघायला. आणि ती बसलेली, ती त्याची आई असावी म्हणतात.

"त्येची आई?"

"असं काही जण म्हणतात."

"म्हंजी ह्यो तिचा ल्येक हाय."

"व्हय."

ती कपाटाकडं बघत राहिली. मग माझ्या हातातला कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि पिशवीतल्या बटव्यात घातला. मी 'दोड्डव्वा' म्हणालो असेन. हात मात्र पुढं केला नाही.

"ऱ्हाऊ दे तिला हितं," ती म्हणाली. "आन् भावकीत कुनाला सांगू नगंस. मान्सं नावं ठेवत्याल तुला." उठली. शिपायाजवळ थांबून म्हणाली, "दादा, तुमची रीत आसंल तसं ठिवा. त्यो वर आसला तरी चालतंय. तिचा ल्येक हाय त्यो."

मी तिला बसमध्ये बसवून दिलं. येशीवर चपलांची दुकानं होती. तिनं तिकडं बघितलं नाही, मीही नाही. आई घराला आली नव्हती.

दोड्डव्वा पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेली. तिला भुईवर निजवलं तेव्हा पाय दारातल्या उजेडात होते. भावकीतल्या बायका म्हणत होत्या, देव हरवला हिच्या हातनं, पण नेम शेवटपर्यंत पाळला हं बाईनं. मी तिथंच होतो. बहीण माझ्याकडं बघत होती, मी काही बोलतो का म्हणून. मी काही बोललो नाही.

दहाव्याला बहिणीनं बटवा माझ्या हातात दिला. आत सुपारी होती, कोनाड्यातली. आणि तो कागद. घड्यांवर फाटायला आलेला, हळदीचे डाग पडलेला. खाली माझी सही. क्लार्कनं सांगितलं होतं तेच सगळं त्यात आहे, एक शब्द कमी नाही. कमिटीपुढं तो आजही चालेल.

तेव्हा तिनं तो माझ्या हातातनं काढून घेतला, मी दिला नाही, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. आता ती नाही. अडवणारं कुणी नाही. कागद टेबलाच्या खणात आहे, आणि कॉलेज वीस मिनिटांवर आहे.